टॅपेट सेट करायचंय? गाडी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा

जुन्या इंजिनाचं टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह (झडप) आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली बारीक गॅप ठरवणं, हे खरं तर फार वेळखाऊ काम नाही. तरीही गाडी आमच्याकडे दिवसभर अडकून पडते, कारण ती सकाळी चालवत आणलेली असते. "हात लावून बघा, गार झालीय," असं सांगितलं जातं. बाहेरून हेड (इंजिनाचा वरचा भाग) हाताला गार लागलं तरी आत ऑइल कोमटच असतं, आणि व्हॉल्व्हची गॅप थंड इंजिनाची राहिलेली नसते. ही गॅप मुळात केवढी? बऱ्याच इंजिनांत ०.१० ते ०.३० मि.मी. एवढ्यात उष्णतेने पडलेला थोडासा फरकही खूप झाला. काही मोजक्या इंजिनांचं माप गरम अवस्थेतलं दिलेलं असतं, त्यांचं आम्ही तसंच करतो. बाकी सगळी रात्रभर थांबलेली हवीत. याबाबत आम्ही घाई करत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

दुसरी मागणी असते, "टकटक पूर्ण बंद करून द्या." तेही आम्ही करत नाही. आवाज घालवायला टॅपेट घट्ट केलं, म्हणजे गॅप फार कमी केली, की इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटवर (बंद होताना व्हॉल्व्ह बसतो त्या कड्यावर) टेकल्यावरच निघून जाते. टेकलाच नाही तर कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि हेड उतरवावं लागतं. जुन्या इंजिनांत सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, त्यामुळे गॅप आपोआपच कमी होत जाते. म्हणून नेहमीची टकटक हळूहळू थांबली असेल तर खूश होऊ नका, गाडी लवकर दाखवा.

काम करताना आम्ही पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सगळ्यात वर, आणतो. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो, चुकीच्या वेळी मोजलं तर सगळं वाया. फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) किंचित अडखळत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना गॅप ठरवणारा स्क्रू थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजतो. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर गेजची पट्टी खड्ड्यावर आडवी राहते आणि खरी गॅप तिच्या मापापेक्षा जास्त निघते. असा रॉकर आम्ही तुम्हाला दाखवतो, बदलायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

झाकण उघडलेलंच असतं, त्यामुळे ऑइल वर पोचतंय का तेही पाहून घेतो. यासाठी वेगळं सांगायची गरज नाही. डिपस्टिक फक्त खालची पातळी दाखवते. इंजिन सुरू करून आयडलिंगवर ठेवलं, की थोड्या वेळात रॉकर शाफ्टपाशी ऑइल झिरपायला हवं. बऱ्याच जुन्या इंजिनांत ते उडत नाही, नुसतं ओघळतं, आणि तेवढं पुरतं. जागा कोरडी राहिली किंवा रॉकर निळसर पडलेला दिसला, तर आम्ही इंजिन लगेच बंद करतो. रेस देऊन ऑइल वर चढवायचा प्रयत्न कृपया घरीही करू नका. बहुतेकदा स्ट्रेनरमध्ये (ऑइलच्या जाळीत) किंवा ऑइलच्या मार्गात गाळ साचलेला असतो. पंपापर्यंत आम्ही त्यानंतरच जातो. आवाज दबावा म्हणून जाड ऑइल घालून आणलेल्या गाड्याही येतात. थंडीत ते वर पोचायला आणखी उशीर लागतो, तेव्हा पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच वापरा.

गाडी परत देताना प्रत्येक व्हॉल्व्हची आधीची आणि नंतरची गॅप कार्डावर लिहून देतो. पुढच्या वेळी ते कार्ड सोबत आणा. कुठला व्हॉल्व्ह किती सरकतोय ते त्यावरून लगेच कळतं.