ट्रॅकवरची फेरी घरी आणायची तर

एक जीपीएस रिसीव्हर घ्या, सोलापुरातल्या एखाद्या मोकळ्या गच्चीवर ठेवा आणि वीस मिनिटं त्याला हात लावू नका. मग नोंद उघडा. नकाशावर गुंतवळासारखी एक रेघ दिसेल. रिसीव्हर जागचा हललेला नाही, तरी त्याची जागा दोन-तीन मीटरच्या टापूत भटकत राहिलेली असेल. आता त्याच नोंदीतला वेगाचा रकाना पाहा. तिथला आकडा शून्याला चिकटलेला असेल, ताशी काही दशांश किलोमीटरच्या वर क्वचितच जाईल. शर्यतीच्या ट्रॅकवरचं आपलं ड्रायव्हिंग जीपीएस आणि कॅमेऱ्याने नोंदवू पाहणाऱ्याने सगळ्यात आधी हा प्रयोग करावा. जीपीएसच्या वेगावर भरवसा ठेवायचा आणि जागेवर बेतानेच, ही पुढच्या सगळ्या कामाची गुरुकिल्ली त्यात आहे.

हा फरक पडतो कारण जागा आणि वेग वेगवेगळ्या रीतीने काढले जातात. जागा काढताना सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून संदेश यायला किती वेळ लागला ते मोजतात. वाटेत आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर, लागतं आणि तिथे संदेशाला उशीर होतो. आपल्यासारख्या विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात हा उशीर अधिक असतो आणि दुपारी दोनच्या सुमारास तो कळसाला पोचतो. वेगाचं गणित मात्र डॉप्लर परिणामावर चालतं. सोलापूर स्टेशनवर न थांबता भोंगा वाजवत जाणारी गाडी आपल्याला ओलांडून गेली की भोंग्याचा स्वर उतरतो, तोच हा परिणाम. जीपीएसच्या मुख्य लहरीची वारंवारिता १५७५.४२ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १९ सेंटिमीटर. उपग्रहाच्या दिशेने आपला वेग सेकंदाला १९ सेंटिमीटरने बदलला की वारंवारिता एका हर्ट्‌झने सरकते, आणि रिसीव्हर याहून कितीतरी बारीक सरकणं ओळखतो. आयनांबरातला उशीर एका सेकंदात फारसा बदलत नाही, त्यामुळे वेगाच्या गणितात त्याची चूक जवळजवळ शिरतच नाही.

जागेची चूक थोडी कमी करायला आपल्याकडे ‘गगन’ आहे. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मुख्यतः विमानांसाठी उभारलेली ही यंत्रणा भूस्थिर उपग्रहांवरून दुरुस्तीचे आकडे पाठवते. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये ‘एसबीएएस’ (उपग्रहावरून येणारी दुरुस्ती) असा पर्याय असेल तर तो चालू ठेवावा. ‘स्टॅटिक होल्ड’ असं काही असेल तर ते बंद करावं. ती सोय हळू चालणाऱ्या गाडीला जागीच थांबलेली दाखवते, आणि गच्चीवरचा प्रयोगही तिच्यामुळे खोटा ठरतो.

फोनमधल्या जीपीएसवर भागेल का, हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक फोन सेकंदाला एकदाच जागा देतात. ताशी १०० किलोमीटरने गाडी सेकंदाला २७.८ मीटर जाते, आणि ब्रेक मारण्याचा टप्पा पुष्कळदा दोन-तीन सेकंदांतच आटोपतो. म्हणजे फोनकडून त्या टप्प्याचे तीनच ठिपके मिळतील आणि ब्रेक नेमका कुठे लागला ते कळणार नाही. काही ॲप फाइलमध्ये सेकंदाला दहा ओळी लिहितात, पण त्यांतल्या नऊ अंदाजाने भरलेल्या असतात. त्यांना भुलू नये. सेकंदाला किमान १० नोंदी देणारा वेगळा रिसीव्हर हवा, २५ मिळाल्या तर उत्तम. रेसबॉक्स मिनी २५ देतो आणि ब्लूटूथवरून रेसक्रोनोसारख्या ॲपला जोडता येतो. ॲक्शन कॅमेऱ्यातल्या जीपीएसवर भिस्त असेल तर विकत घेताना मॉडेल नीट पाहावं. गोप्रो हिरो १२ मध्ये जीपीएस नाही, त्याच्या आधीच्या ११ मध्ये आणि नंतरच्या १३ मध्ये आहे.

रिसीव्हरला आकाश दिसलं पाहिजे. यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये फोनचं जीपीएस चाचपडतं ते पत्र्यामुळे, आणि गाडीचं छत म्हणजेही पत्राच. म्हणून रिसीव्हर डॅशबोर्डवर काचेला लागून ठेवावा. काचेवर उष्णता परतवणारा धातूचा थर असेल तर तिथेही संदेश क्षीण होतो. मग चुंबकाचा ॲन्टेना छताच्या बाहेर मधोमध लावणं हाच चांगला उपाय, आणि तिथे तोच पत्रा ॲन्टेनाला खालून येणाऱ्या परावर्तनांपासून वाचवतो.

फेरीच्या पंधरा मिनिटं आधी रिसीव्हर मोकळ्यावर चालू करून ठेवावा. उपग्रहाच्या कक्षेची माहिती अर्ध्या मिनिटात मिळते, पण पूर्ण संदेश उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, आणि लीप सेकंदांचा, म्हणजे जागतिक वेळेत अधूनमधून वाढवलेल्या जादा सेकंदांचा, आकडा त्याच संदेशात असतो. जीपीएसचं घड्याळ जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. तो आकडा हाती येण्याआधी काही रिसीव्हर जुनाच आकडा धरून वेळ लिहितात आणि मधेच उडी मारतात. भारतीय वेळेचा साडेपाच तासांचा फरकही सॉफ्टवेअरमध्ये तपासून घ्यावा. पाच तास भरले तर व्हिडिओ आणि नोंद अर्ध्या तासाने चुकतील.

कॅमेरा

जागा एकच सर्वोत्तम: पुढच्या दोन सीटच्या मधोमध, खांद्याच्या उंचीवर, थोडा मागे. रोल बार (गाडी उलटली तर बचाव करणारी आतली कमान) नसलेल्या साध्या गाडीत शेजारच्या सीटच्या हेडरेस्टच्या दोन दांड्यांवर क्लॅम्प बसतो. इथून स्टिअरिंगवरचे हात, मीटर आणि पुढचा रस्ता, तिन्ही एका चौकटीत येतात. नुसत्या काचेबाहेर बघणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी, कारण चूक बहुधा हातांत दिसते.

क्लॅम्पचा हात जितका लांब तितका थरथराट जास्त. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वाचतो, त्यामुळे थरथराट असला की खिडकीच्या सरळ कडा जेलीसारख्या डुलतात. असं झालं तर हात आखूड करा, सेटिंगशी खेळत बसू नका. कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन (चित्र स्थिर करण्याची सोय) बंदच ठेवावं. ते कॅमेऱ्याची हालचाल रस्त्याच्या संदर्भात मोजतं, पण कॅमेरा गाडीला जखडलेला असतो. वळणावर ते सगळी गाडीच उलट दिशेला सरकवू पाहतं आणि डॅशबोर्ड चौकटीत तरंगायला लागतो.

उजेडाचा घोळ वेगळाच. गाडीत अंधार आणि बाहेर ऊन, त्यामुळे कॅमेरा आतल्या अंधाराला धरून उजेड ठरवतो आणि ट्रॅक पांढराफटक होतो. उजेड मोजण्याचा ठिपका काचेवर ठेवून उजेड तिथेच पक्का करावा. डॅशबोर्डवर मॅट काळं कापड पसरलं की काचेतली प्रतिबिंबंही जातात. चकचकीत काळं नको.

सक्शन कप वापरायचाच असेल तर आधी हिशेब मांडून पाहा. साडेसात सेंटिमीटर व्यासाचा कप काचेला पूर्ण निर्वात चिकटला तर कागदावर चाळीस किलोंपेक्षा जास्त ओढ सोसतो. प्रत्यक्षात काचेवर सोलापूरची बारीक धूळ असते, उन्हात प्लास्टिक मऊ पडतं आणि आत उरलेली हवा तापून फुगते. काच आणि कप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, पूर्ण वाळू द्यावेत, मग दाबावेत. शिवाय सीटच्या दांडीला किंवा रोल बारला बांधलेली एक वेगळी दोरी कॅमेऱ्याला हवीच. जोरात ब्रेक लागताना सुटलेला कॅमेरा पुढे उडतो, आणि तो पेडलखाली गेला तर जिवावर बेतेल.

मेमरी कार्ड व्ही३० दर्जाचं (सेकंदाला सलग ३० मेगाबाइट लिहू शकणारं) घ्या. ६० मेगाबिट प्रति सेकंद या दराने तासाला २७ जीबी भरतात. रेकॉर्डिंग चालू असताना वीज तोडू नका. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते, ती राहिली की सगळी फाइल उघडेनाशी होते. गाडीच्या सॉकेटवर कॅमेरा चालवत असाल तर इंजिन सुरू करतानाचा व्होल्टेजचा धक्का एवढा घोळ घालायला पुरतो. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ अंश असताना बंद गाडीतली हवा त्याहून पुष्कळ तापते आणि कॅमेरा स्वतःला बंद करून घेतो. रांगेत थांबलेलं असताना तो काढून सावलीत ठेवावा.

धागे जुळवणं

सोलापुरी चादर विणताना जेकार्डचं एक कार्ड मागेपुढे झालं तर सूत तेच राहतं आणि नक्षी बिघडते. व्हिडिओ आणि जीपीएस नोंद यांचं तसंच आहे. दोन्ही बिनचूक असूनही ०.२ सेकंदाने सरकलेल्या असतील तर ताशी १०० च्या वेगाला साडेपाच मीटरची चूक होते. ‘ब्रेक उशिरा लागला’ हा निष्कर्ष तेवढ्यानेच उलटा होऊ शकतो.

जुळवणीसाठी दोन्हीकडे स्पष्ट उमटेल अशी खूण लागते. गाडी सुटण्याचा क्षण बरा, पण अगदी हळू सुटली तर धूसर राहतो. पिटमधून (ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात त्या जागेतून) निघताना एकदा जोरात ब्रेक मारून थांबावं, मात्र आधी मागे कोणी नाही हे पाहून. नाक खाली जातं तो क्षण व्हिडिओत दिसतो आणि वेगाची रेघ तिथेच कोसळते. गतिवर्धनमापक (ॲक्सेलरोमीटर) असलेल्या रिसीव्हरला पिटच्या तोंडाशी असलेला उंचवटा त्याहून टोकदार खूण देतो. जुळवल्यावर सत्राच्या शेवटच्या फेरीतही ताळा पाहावा. तिथे एक-सव्वा सेकंदाचा फरक दिसला तर दोष बहुतेक वेळा एकच असतो: कॅमेरा सेकंदाला ५९.९४ चौकटी (फ्रेम) घेतो आणि सॉफ्टवेअरने ६० धरल्यात. हजारात एक एवढीच ही तफावत, पण २० मिनिटांत १.२ सेकंद होते. फोनवर काढलेल्या व्हिडिओत चौकटींचा दर मधेच बदलतो, म्हणून आधी तो स्थिर दराच्या फाइलमध्ये बदलून घ्यावा. क्वार्ट्‌झ घड्याळांचं सरकणं त्यामानाने क्षुल्लक. सेकंदाला २० मायक्रोसेकंद धरलं तरी २० मिनिटांत २४ मिलिसेकंदच होतात.

फेरीची वेळ मोजायची काल्पनिक रेषा वेगवान सरळ पट्ट्यावर, रस्त्याला काटकोनात टाकावी. जागेची एक मीटरची चूक ताशी १५० ला ०.०२४ सेकंद होते, ताशी ४० ला ०.०९. पिटच्या इमारतीला खेटून रेषा टाकू नये, भिंतीवरून परतलेले संदेश तिथे जागा सरकवतात.

कोणी स्प्रेडशीटमध्ये स्वतः अंतर काढणार असेल तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. सोलापूरच्या अक्षांशावर, म्हणजे १७.७ अंश उत्तरेला, एक अंश रेखांश सुमारे १०६ किलोमीटरचा भरतो, तर एक अंश अक्षांश ११०.७ चा. दोन्ही सारखे धरले तर आकृती चार टक्क्यांनी ताणली जाते.

सोलापूरहून ट्रॅक गाठायचा म्हणजे चेन्नईजवळचं ३.७ किलोमीटरचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट किंवा कोइम्बतूरचं २.१ किलोमीटरचं कारी मोटर स्पीडवे. एवढं लांब जाऊन सैल क्लॅम्प सापडू नये, म्हणून सगळी तयारी इथेच करून पाहावी. रिसीव्हर हातात घेऊन होम मैदानावर, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी नसताना, चालत दहा फेऱ्या मारल्या तरी रेषा, वेळ आणि फाइल यांची पूर्ण चाचणी होते. कॅमेरा उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून, चाळीस मिनिटं उन्हात चालवून बघा. हैदराबाद किंवा अक्कलकोट रस्त्यावर मात्र वेळ मोजू नका. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि तिथे समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येऊ शकतो. गाडीचा नेहमीचा विमा शर्यत आणि वेगचाचणी यांना लागू होत नाही, तेही ट्रॅकवर जाण्याआधी पॉलिसीत वाचून घ्यावं.

आलेख वाचताना

वेगाचा आलेख वेळेवर न मांडता अंतरावर मांडा, म्हणजे दोन फेऱ्यांतलं तेच वळण एकाखाली एक येतं. ब्रेकचा जोर वेगावरूनच निघतो. ताशी १२० वरून ६० वर दोन सेकंदांत आलात तर ८.३ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ०.८५ पट, ०.८५ जी. वळणातला जोर वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून येतो. ताशी ७२ ने ५० मीटर त्रिज्येच्या वळणात ०.८२ जी. सरळ पट्ट्याच्या टोकाला आलेख टोकदार न होता गोलसर झाला, तर पाय ॲक्सिलरेटरवरून उठून ब्रेकवर जाईपर्यंत गाडी नुसती घरंगळली आहे. नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि गाडीवर एक रुपयाही खर्च न करता तो परत मिळवता येतो.

इंजिनाचे फेरे हवे असतील तर ओबीडीचं (गाडीच्या संगणकातली माहिती देणाऱ्या सॉकेटचं) अडॅप्टर लावता येतं, फक्त त्याला फेरे आणि थ्रॉटल एवढंच विचारावं. जास्त विचारलं की प्रत्येक उत्तर उशिरा येतं. नसलं तरी व्हिडिओचा आवाज पुरतो. चार सिलिंडरच्या चारस्ट्रोक इंजिनात स्फोटांची वारंवारिता मिनिटाच्या फेऱ्यांना ३० ने भागून येते, तीन सिलिंडरला ४० ने. आवाजाच्या आलेखात २०० हर्ट्‌झची ठळक रेघ म्हणजे चार सिलिंडरचे ६,००० फेरे.

रेसिंग लाइन, म्हणजे वळणातून गाडी न्यायची वाट, मात्र जीपीएसच्या नकाशावरून ठरवू नये. ट्रॅकची रुंदी दहा-बारा मीटर आणि जागेची चूक दोन-तीन, त्यात आतली कड चाटली की मीटरभर सोडली हे कळत नाही. ते काम व्हिडिओचं. समजा, चौथ्या वळणात तुमचा किमान वेग चांगल्या फेरीपेक्षा ताशी ४ किलोमीटरने कमी आहे आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर ती तूट शेवटपर्यंत भरून निघत नाही. आलेख इतकंच सांगतो. आता दोन्ही फेऱ्यांचे व्हिडिओ शेजारी लावून त्याच अंतरावर थांबवा आणि फक्त हात पाहा. चांगल्या फेरीत स्टिअरिंग अजून सरळ आहे, हळू फेरीत ते आधीच वळायला लागलंय. गाडी आतल्या कडेला लवकर पोचली, बाहेर पडताना रस्ता अपुरा पडला आणि ॲक्सिलरेटर सोडावा लागला. पुढच्या सत्रात त्या वळणाला बदलायची गोष्ट एकच: स्टिअरिंग वळवण्याची जागा एक गाडीभर पुढे.