पिकअपला मोठे डिझेल इंजिन

अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या एफ-२५० या पिकअप ट्रकमध्ये १९९० च्या सुमारास ४.९ लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले पेट्रोल इंजिन मिळत असे. त्याची शक्ती सुमारे १५० अश्वशक्ती होती. त्याच काळात, १९८९ पासून, डॉज रॅम पिकअपमध्ये कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन बसून येऊ लागले आणि त्याची शक्ती होती १६० अश्वशक्ती. एवढ्याशा फरकासाठी आपल्या फोर्डमधले पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे डिझेल इंजिन बसवण्याचा खटाटोप तिथले अनेक मालक आणि गॅरेजवाले का करत आले, हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर अश्वशक्तीच्या आकड्यात सापडत नाही; ते टॉर्कमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरवणाऱ्या पिळाच्या जोरात आहे. पेट्रोल इंजिनाचा कमाल टॉर्क साधारण ३५५ न्यूटन-मीटर होता, तर डिझेलचा ५४२, आणि तोही मिनिटाला अवघ्या १,७०० फेऱ्यांच्या आसपास मिळत असे.

शक्ती म्हणजे टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. हे सूत्र १,७०० फेऱ्यांना लावले, तर डिझेल इंजिन त्या वेगाला सुमारे १३० अश्वशक्ती देते आणि पेट्रोल इंजिन ८५ च्या वर जात नाही. मागे ट्रेलर जोडून घाट चढणाऱ्या चालकाला हाच फरक जाणवतो, कारण त्याला गिअर न उतरवता, इंजिन न किंचाळवता वर जायचे असते. सर्वोच्च अश्वशक्ती क्वचित, इंजिन पूर्ण ताणल्यावरच वापरली जाते. कमी फेऱ्यांवरचा टॉर्क मात्र दिवसभर उपयोगी पडतो.

हा टॉर्क येतो कुठून? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे सतराव्या हिश्शाइतक्या जागेत दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की आत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. दट्ट्याची (पिस्टनची) धाव १२० मिलिमीटर आणि सिलिंडरचा व्यास १०२ मिलिमीटर, म्हणजे धाव व्यासापेक्षा लांब. त्यावर टर्बोचार्जर, जो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर आत जादा हवा कोंबतो. जितकी हवा जास्त, तितके इंधन नीट जाळता येते. सहा सिलिंडरचे हे इंजिन ६बीटी या नावाने ओळखले जाते. ते पिकअपसाठी जन्मलेच नव्हते. कमिन्सने केस या ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीच्या भागीदारीत शेतीची अवजारे, यंत्रे आणि मध्यम ट्रक यांच्यासाठी ही मालिका तयार केली. महाराष्ट्राचा कमिन्सशी संबंध जुना आहे: पुण्यात किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये उभी राहिली, आणि पुढे याच मालिकेची इंजिने टाटा कमिन्सच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून टाटांच्या ट्रकमध्ये गेली. त्या कंपनीचा एक कारखाना आज फलटणलाही आहे. आपल्या महामार्गांवर लाखो किलोमीटर धावलेल्या मालवाहू ट्रकचे इंजिन आणि अमेरिकन हौशी मालक पिकअपमध्ये बसवतात ते इंजिन, ही सख्खी भावंडे आहेत.

या मालिकेतले चार सिलिंडरचे धाकटे भावंड म्हणजे ३.९ लिटरचे ४बीटी. पाव आणि वेफर पोचवणाऱ्या जुन्या अमेरिकन व्हॅनमधून ते सहज मिळत असे, वजनाने बरेच हलके आणि लांबीला आखूड असल्यामुळे बसवायलाही सोपे. तरीही ज्यांच्या बॉनेटखाली जागा आहे त्यांनी मोठे सहा सिलिंडरचे इंजिनच निवडावे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यामागचे कारण शक्तीपेक्षा कंपनाचे आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन दट्टे वर जात असताना दोन खाली येतात, त्यामुळे सारे संतुलित आहे असे वाटते. प्रत्यक्षात कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने दट्ट्याची वरच्या टोकाजवळची गती आणि खालच्या टोकाजवळची गती सारखी नसते. वरच्या टोकाला त्याचे त्वरण अधिक असते. परिणामी क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा एक उभे बल शिल्लक उरते आणि ते फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सहा सिलिंडरच्या रांगेत क्रँकचे खिळे एकमेकांपासून १२० अंशांवर असल्यामुळे ही उरलेली बले एकमेकांना पूर्णपणे नाहीशी करतात. शिवाय इंजिन रिकामे घुमत असताना, समजा मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, चार सिलिंडरमध्ये सेकंदाला सुमारे २७ धक्के बसतात, तर सहामध्ये ४०. रबरी माउंटिंग कंपन तेव्हाच अडवते, जेव्हा इंजिन आणि रबर यांची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या धक्क्यांच्या कंपनसंख्येच्या साधारण ७० टक्क्यांहून बरीच खाली असते. धक्के जितके संथ, तितके रबर मऊ हवे. आणि फार मऊ रबरावर एवढे जड इंजिन टॉर्कच्या पिळाने डुलू लागते. चार सिलिंडरच्या गाडीत आरसे आणि दारे थरथरण्याचे मूळ इथे आहे.

सहा सिलिंडरचे वजन मात्र सुमारे ५०० किलो भरते, जे काढलेल्या पेट्रोल इंजिनाच्या जवळपास दुप्पट आहे, आणि ही सारी भर पुढच्या आसाच्या आसपास पडते. पुढचे स्प्रिंग किंवा पाटे दबतात, चाकांचे कोन बदलतात, रिकामी गाडी वळणावर सरळ जाऊ पाहते आणि ब्रेक लावताना पुढच्या चाकांवर आणखी भार येतो. एफ-२५० या कामासाठी पसंत केली जाते त्याचे हेच कारण आहे: फोर्ड स्वतः १९८३ पासून याच चासीवर जड डिझेल इंजिन बसवून देत होती, त्यामुळे डिझेल आवृत्तीचे जाड स्प्रिंग, मोठा रेडिएटर आणि ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप भंगारातून मिळतो. या पंपाची गरज वेगळी सांगायला हवी. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवरील झडपेमुळे आपोआप निर्वात तयार होतो आणि ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. डिझेलमध्ये अशी झडप नसते, म्हणून पंप विसरला तर ब्रेकचे पेडल दगडासारखे लागते.

यानंतर टॉर्क मागे चाकांपर्यंत न्यायचा. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या कंपन्यांचे असल्याने मध्ये जाड अॅडॉप्टर प्लेट लागते, आणि क्रँकशाफ्टचा व गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यावा लागतो. चूक साधारण ०.१३ मिलिमीटरच्या आत असावी. लेथवर नीट न कातलेली प्लेट सुरुवातीला जाणवत नाही, पुढे क्लच आणि बेअरिंग खाऊन टाकते. फोर्डच्या मजबूत पाच गिअरच्या पेटीत पहिला गिअर सुमारे ५.७ पट आणि मागचा आस ४.१० पट गुणतो, म्हणजे ५४२ न्यूटन-मीटरचे कागदावर जवळजवळ १२,७०० होतात. रिकाम्या पिकअपच्या मागच्या आसावर एक टन भार धरला, तर कोरड्या रस्त्यावरही टायर ३,००० न्यूटन-मीटरच्या आसपासच घसरतात, त्यामुळे रिकाम्या गाडीत पूर्ण जोर शाफ्टपर्यंत पोचतच नाही. भार आणि ट्रेलर जोडल्यावर टायरची पकड वाढते आणि तेव्हा क्रॉस (शाफ्टचे सांधे), शाफ्ट व डिफरन्शियल यांची खरी परीक्षा होते.

अनेकांच्या हिशेबातून सुटते ते या ४.१० चे दुसरे टोक. टायरचा व्यास ८० सेंटिमीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ६६० फेरे घेते आणि थेट (१:१) गिअरमध्ये इंजिन २,७०० च्या पुढे जाते. पेट्रोल इंजिनाला त्याचे काहीच वाटत नाही. पण डिझेलची कमाल शक्ती २,५०० फेऱ्यांना येऊन जाते आणि त्यापुढे गव्हर्नर, म्हणजे फेऱ्यांवर मर्यादा घालणारी यंत्रणा, इंधन तोडू लागतो. गाडीत ताकद आहे, पण वेग नाही, अशी अवस्था येते. आसाचे प्रमाण ३.५४ केले तर फेरे २,३५० वर येतात, आणि ०.७ च्या ओव्हरड्राइव्हसह (इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या वरच्या गिअरसह) ४.१० ठेवले तरी १,९०० च्या आसपास राहतात, जे जास्तीत जास्त टॉर्कच्या अगदी जवळ आहे. म्हणून इंजिन विकत घेण्याआधी गाडीच्या आसावरील प्रमाण वाचावे.

उष्णतेचे गणितही इंजिन उचलण्याआधी करावे. टर्बो हवेचा दाब दुप्पट करतो तेव्हा २७ अंशांची हवा सुमारे १२० अंशांवर जाते आणि विरळ झाल्याने दाबाचा बराच फायदा गमावते. म्हणूनच डॉजने १९९१ मध्ये ही हवा थंड करणारा इंटरकूलर बसवला. १९९४ पासून आलेल्या बॉशच्या रांगेतील (इनलाइन) इंधन-फवारणी पंपाचे आकर्षण असे की तो पूर्ण यांत्रिक आहे, इंजिन चालू राहायला इंधन रोखणाऱ्या सोलेनॉइडपलीकडे (विद्युत-चुंबकी कळीपलीकडे) विजेची फारशी गरज नसते, आणि इंधन वाढवणेही सोपे असते. वाढवलेल्या इंधनाबरोबर एक्झॉस्टचे तापमान वाढते. ते सतत ७०० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर अॅल्युमिनियमचे दट्टे धोक्यात येतात, त्यामुळे तापमानाचा काटा बसवल्याशिवाय पंपाला हात लावू नये. इंजिन बाहेर असतानाच टायमिंग गिअरच्या पेटीतील डॉवेल पिन (पेटी जागेवर बसवणारी छोटी खुंटी) पट्टीने अडकवून टाकावी. ती सैल होऊन गिअरमध्ये पडल्याची उदाहरणे या इंजिनांत प्रसिद्ध आहेत.

कायद्याची बाजू देशानुसार वेगळी आहे. अमेरिकेत बदलानंतरची गाडी तिच्या चासीच्या वर्षाच्या किंवा त्यानंतरच्या एखाद्या प्रमाणित रचनेशी जुळली पाहिजे, म्हणून १९९० चे इंजिन २००५ च्या ट्रकमध्ये बसवलेले चालत नाही. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तोच अर्थ स्पष्ट केला. आपल्याकडे बोलेरो किंवा तत्सम पिकअपमध्ये वेगळ्या कंपनीचे मोठे इंजिन बसवण्याचा विचार असेल, तर पहिली फेरी गॅरेजकडे न मारता आरटीओकडे मारावी.