आरोग्य साक्षरता (विद्यापीठीय विद्यार्थी व संसर्गजन्य रोग)

आरोग्यविषयक माहिती मिळवणे, समजून घेणे, पारखणे आणि निर्णयासाठी वापरणे, ही क्षमता.

संज्ञेचा पहिला वापर सामान्यतः अमेरिकन आरोग्यशिक्षणतज्ज्ञ स्कॉट सायमंड्स यांच्या १९७४ मधील लेखात मानला जातो. तेथे ती शालेय आरोग्यशिक्षणाच्या किमान पातळीसंदर्भात आली होती. १९९० नंतर ती दवाखान्यात शिरली आणि तिचा अर्थ रुग्णाच्या वाचनक्षमतेपुरता आकसला. 'रेल्म' या चाचणीच्या १९९३ मधील आवृत्तीत ६६ इंग्रजी वैद्यकीय शब्द रुग्णाने मोठ्याने वाचायचे असतात. उच्चार बरोबर आला की गुण, अर्थ विचारत नाहीत. इंग्रजीत लेखन व उच्चार यांचा मेळ नसल्याने हे चालून जाते. स्पॅनिश लिहिल्याबरहुकूम वाचली जाते, म्हणून तिच्यासाठी २००६ मध्ये अर्थही तपासणारी वेगळी चाचणी करावी लागली. मराठीतही तीच अडचण. 'प्रतिजैविक' (अँटिबायोटिक) हा शब्द बाराखडी येणारे मूलही अडखळत वाचते. तेवढ्याने काहीच कळत नाही.

सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञ डॉन नटबीम यांनी २००० मध्ये कार्यात्मक (वाचून समजणे), संवादात्मक (माहिती मिळवून वापरणे) व चिकित्सक (माहिती पारखणे) अशा तीन पातळ्या मांडल्या. विद्यार्थ्यांच्या बाबतीत हीच मांडणी अधिक उपयोगी पडते, कारण वाचता तर सगळ्यांनाच येते. सर्दी झाली की खोलीतल्या मित्राच्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या घेणाऱ्याने पाकिटावरचे नाव व मुदत नीट वाचलेली असते. सर्दी विषाणूंमुळे होते आणि हे औषध जीवाणूंवरच चालते, ही सांगड मात्र घातलेली नसते. युरोपीय आरोग्य साक्षरता सर्वेक्षणातील ४७ प्रश्नांच्या प्रश्नावलीत रोगप्रतिबंध हा स्वतंत्र विभाग आहे. परंतु तिच्यात अमुक गोष्ट किती सोपी वा अवघड वाटते एवढेच विचारतात. त्यातून ज्ञानापेक्षा आत्मविश्वास मोजला जातो, हा आक्षेप रास्त वाटतो.

वसतिगृहातील दाटीमुळे काही रोग सहज पसरतात. ब्रिटनमध्ये २०१५ मध्ये विद्यापीठात प्रथम येणाऱ्या तरुणांना मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाचा दाह) चार जीवाणूगटांवरील लस देण्यास सुरुवात झाली. आपल्याकडे दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास क्षयरोगासाठी थुंकी तपासणे आणि डासांची पैदास रोखण्यासाठी आठवड्यातून एकदा कूलर, पिंप रिकामे करून 'कोरडा दिवस' पाळणे या साध्या गोष्टी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने १९९१ पासून एड्सविषयक प्रबोधनही हाती घेतले.