छतावरील सौर वीजसंच

घराच्या छतावर सौर पॅनेल बसवून घरापुरती वीज तयार करणारी आणि वीजबिल कमी करणारी यंत्रणा. पाणी तापविणारा सौर बंब याहून वेगळा. त्यात वीज तयार होत नाही.

प्रकाशामुळे विद्युत प्रवाह निर्माण होतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एदमों बेकरेल यांनी १८३९ मध्ये दाखविले. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट (प्रकाशापासून वीज करणारा, पॅनेलमधील छोटा घटक) मात्र १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला व त्याची कार्यक्षमता जेमतेम ६ टक्के होती. आजची बरीचशी पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे गेली असून ४०० वॉटचे एक पॅनेल साधारण २ चौ. मी. जागा व्यापते. पॅनेलमधून मिळणारा एकदिश प्रवाह (डीसी) इन्व्हर्टर हे उपकरण घरात चालणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहात (एसी) बदलते.

पॅनेलवर छापलेली क्षमता दर चौ. मी.ला १,००० वॉट प्रकाश आणि घटाचे तापमान २५° से. असताना मोजलेली असते. कडक उन्हात घट ६०° से.पर्यंत तापतो आणि दर अंशामागे उत्पादन ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, म्हणजे ऊन सर्वांत प्रखर असतानाच दहावा हिस्सा किंवा त्याहून अधिक वीज हातची जाते. यासाठी पॅनेल छताला चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल इतके उंच ठेवावे लागते. उष्णतेपेक्षा सावली अधिक नडते. घट एकसर जोडणीत, म्हणजे एकापुढे एक साखळीसारखे जोडलेले असल्याने पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली, तरी त्या पॅनेलचा एक तृतीयांश भाग निकामी होऊ शकतो. म्हणून छत पाहायचे ते दुपारी एकदाच नव्हे, तर सकाळ-संध्याकाळ आणि हिवाळ्यातील खालून जाणारा सूर्य लक्षात घेऊन.

प्रत्यक्ष बचत ठरते ती मीटरच्या हिशेबावर. नेट मीटरिंगमध्ये दिवसा वीजपुरवठ्याच्या जाळ्यात सोडलेले युनिट रात्री वापरलेल्या युनिटमधून वजा होते. काही ठिकाणी मात्र सोडलेल्या विजेला विकत घेण्याच्या दराहून बराच कमी भाव मिळतो, आणि तिथे कपडे धुण्याचे यंत्र, पंप, इस्त्री भर दुपारी चालविणेच परवडते. संचाची क्षमता ठरविताना एखाद्या महिन्याचे नव्हे, तर वर्षभराचे बिल पाहावे. वापर कितीही कमी असला तरी भरावा लागणारा स्थिर आकार असेल तिथे ‘शून्य बिल’ ही जाहिरातीतील भाषा ठरते.

वीजपुरवठा खंडित झाला, की बॅटरीविना जोडलेला संच भर उन्हातही आपोआप बंद पडतो. हा दोष नव्हे. दुरुस्तीसाठी तारांवर काम करणाऱ्यांना धक्का बसू नये म्हणून केलेली ती योजना आहे. अंधारात दिवे हवे असतील, तर बॅटरी आणि तिला साजेसा इन्व्हर्टर घ्यावा लागतो व गुंतवणूक वसूल होण्याचा काळ सहसा लांबतो.

धूळ धुवायची ती सकाळी, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यास ती तडकू शकते. पॅनेलचे उत्पादन वर्षाला सुमारे अर्धा टक्का घटते आणि ते २५ वर्षे सहज टिकते; इन्व्हर्टर मात्र बहुधा मध्येच एकदा बदलावा लागतो. छताची गळती असल्यास ती आधीच काढून घ्यावी, कारण नंतर सगळा सांगाडा उतरवावा लागतो.