तापलेली जुडी

पहाटे मार्केट यार्डात गोणीतून काढलेल्या मेथीच्या जुडीत बोटं घातली, तर आतली पानं कोमट लागतात. माल रात्रभर दाबून आला असेल तर मधल्या जुड्या पिवळ्याही पडलेल्या असतात. ‘माल तापला’ म्हणतात. ऊन नसताना तापला, कारण तोडलेलं पानही जिवंत असतं. ऑक्सिजन घेऊन ते साठवलेली साखर जाळत राहतं, म्हणजे श्वसन करतं.

हे मान्य व्हायला फार वेळ लागला. 1779 मध्ये, वडगावला इंग्रज नमले त्याच वर्षी, यान इंगेनहाउझ हा डच डॉक्टर लंडनजवळ पाण्यात पानं बुडवून बुडबुडे जमवत होता. तीन महिन्यांत पाचशेवर प्रयोग! हिरवी पानं उन्हात हवा सुधारतात, अंधारात बिघडवतात, असं त्याला दिसलं. सुधारणेच्या मानानं बिघाड किरकोळ, हेही त्यानं सांगितलं. लोकांनी भीती तेवढी उचलली. आपल्याकडे रात्री झाडाखाली न झोपण्याला आधी भुताचं कारण होतं, मग कार्बन डायऑक्साइडचं आलं. खरं तर खोलीतल्या कुंडीपेक्षा शेजारी घोरणारा माणूस कितीतरी जास्त सोडतो.

1804 मध्ये जिनिव्हाच्या द सोस्यूरनं वायू मोजूनच दाखवले: मोड येणारं बी ऑक्सिजन घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं. मिसळीसाठी फडक्यात बांधलेली मटकी ऊबदार लागते ती त्यामुळेच. तरी 1840 मध्ये लीबिगसारख्या बड्या रसायनशास्त्रज्ञानं हे धुडकावलं. रात्री बाहेर पडणारा वायू मुळांनी पाण्याबरोबर ओढलेला, पान फक्त वाट देतं, असं त्याचं म्हणणं. नाव मोठं असलं की चूकही टिकते. पुढे 1860च्या दशकात युलिउस झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं श्वसन आणि अन्ननिर्मिती या वेगळ्या क्रिया आहेत हे ठासून मांडलं. श्वसन दिवसाही चालूच असतं, फक्त उन्हात प्रकाशसंश्लेषण त्याच्यावर मात करतं. ‘दिवसा प्रकाशसंश्लेषण, रात्री श्वसन’ हे वाक्य तरीही आपण शाळेत पाठ केलंच.

पेशीच्या आतलं चित्र विसाव्या शतकातलं. साखर जाळण्याच्या रासायनिक टप्प्यांचं, जीवरसायनशास्त्रज्ञ क्रेब्जनं 1937 मध्ये मांडलेलं चक्र कबुतराच्या स्नायूंवरून उलगडलं. तेच वनस्पतींच्या तंतुकणिकांतही, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा देणाऱ्या बारीक भागांतही (मायटोकॉन्ड्रिया) निघालं. वनस्पतींकडे शिवाय एक आडवाट आहे, जिथे बरीचशी ऊर्जा साठत नाही, उष्णता होऊन जाते. सुरणाच्या कुळातल्या काही वनस्पती फुलताना अशाच तापतात, आणि त्या उष्णतेनं दरवळणाऱ्या कुजकट वासावर माश्या येतात.