वादळ किनाऱ्यावर, घोर सोलापुरात

सोलापूर हा कोरडा जिल्हा. बंगालचा उपसागर इथून पाचशे किलोमीटरहून लांब. तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडं वादळ उठलं की साखर पेठ, अशोक चौक भागात घरोघरी तेलुगू वाहिन्या लागतात आणि हैदराबाद-वरंगलला फोन सुरू होतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. त्यामागं दीडशे वर्षांची सोयरीक आहे.

१८७७ मध्ये इथली जुनी मिल सुरू झाली. निजामाच्या तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले. पुरुष मागावर, बायका पुढं विड्या वळायला. चादरीनं गावाचं नाव झालं, पण मुली द्यायच्या-आणायच्या त्या बऱ्याचदा तिकडंच. मराठी घरांचंही फार वेगळं नाही. आमची आत्या काचीगुड्याला दिलेली. त्यामुळं हैदराबाद आम्हाला परगाव वाटतच नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा निजामाच्या हैदराबादवर सोलापूरहून नळदुर्गमार्गे याच रस्त्यानं गेल्या. तेव्हाचा घोर वेगळा, तो इथं सांगत बसत नाही.

पाण्याचा घोर त्याहून जुना. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीनं हैदराबाद धुऊन नेलं, हजारो माणसं गेली. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या एका चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास जीव वाचले, असं सांगतात. निजामानं मग मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि पुढं उस्मानसागर व हिमायतसागर ही धरणं झाली. आता मुसी आवरली, अशी समजूत त्यानंतर बरीच वर्षं टिकली.

किनाऱ्याची गत मात्र सुधारली नाही. सोलापुरातून जाणारा पासष्ट क्रमांकाचा महामार्ग संपतो त्या मछलीपट्टणमला १८६४ च्या वादळात समुद्र गावात शिरला होता. त्याच किनाऱ्यावर, १९ नोव्हेंबर १९७७ ला, कृष्णेच्या मुखाजवळच्या दिवीसीमेत चक्रीवादळानं दहा हजारांवर माणसं मेली. त्या काळी खुशाली कळायची ती तारेनं, नाहीतर पोस्टकार्डानं. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसायचं, आणि लागला तरी निम्मं बोलणं 'हॅलो, हॅलो'तच जायचं.

मग २०२० आलं. १३ ऑक्टोबरला सकाळी आंध्रातल्या काकीनाड्याजवळ जे किनाऱ्यावर चढलं त्याला चक्रीवादळ म्हणण्याइतका जोर नव्हता, म्हणून त्याला नावही मिळालं नाही. पण त्या रात्री हैदराबादेत आभाळ फाटलं. शहराच्या कडेला घटकेसरला एका दिवसात ३० सेंटिमीटरहून जास्त पाऊस पडला, हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले, जुन्या शहरात भिंत कोसळून माणसं दगावली.

इथवर सगळं नेहमीचं होतं: पाणी तिकडं, काळजी इकडं. पण नकाशा काढून बघा. काकीनाडा, हैदराबाद, सोलापूर, तिन्ही सतराव्या अक्षांशाच्या आसपास, जवळजवळ एका ओळीत. किनाऱ्यावर चढलेला हा कमी दाबाचा पट्टा एरवीसारखा वाटेत विरला नाही, सरळ पश्चिमेला चालत आला. १४ तारखेला पंढरपुरात कुंभार घाटाजवळ भिंत पडून सहा जण गेले. अक्कलकोटकडं बोरी नदी पात्र सोडून वाहिली. उजनी भरलेलीच होती, तिचं पाणी भीमेत उतरलं. रब्बी ज्वारीच्या पेरणीचे दिवस ते. रानात काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी जागच्या जागी भिजल्या. जे पाणी आम्ही टीव्हीवर बघत होतो ते दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी आलं. पुढं ते कोकण ओलांडून अरबी समुद्रात उतरलं आणि तिथं पुन्हा जोर धरू लागलं.

त्या दिवशी मी सकाळपासून आत्याचा नंबर फिरवत होतो, लागत नव्हता. तिच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी, वीज गेलेली. दुपारी तिचाच फोन आला. मी विचारायच्या आत तीच म्हणाली, "अरे, भीमेला पूर आलाय म्हणं. तुम्ही सगळे घरातच हाय ना?"