चेतादुरुस्ती (मूलपेशी व नैसर्गिक जैवसामग्री वापरून)

मेंदू व मेरुरज्जूबाहेरची चेता (नर्व्ह) तुटल्यावर दोन टोकांमधले अंतर नैसर्गिक पदार्थाच्या नळीने सांधणे आणि त्या नळीत मूलपेशी (स्टेम सेल) भरणे, अशी ही पद्धत आहे. नळी वापरात आली आहे. मूलपेशी अजून चाचण्यांतच आहेत.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यातल्या प्रेस यंत्रात हात सापडतो, पत्रा मनगटात घुसतो. संक्रांतीला मांजा कापतो. रुग्ण ‘नस कापली’ म्हणतो, पण रक्तवाहिनीलाही तो नसच म्हणतो. म्हणून जखम शिवण्याआधी बोटांची संवेदना व हालचाल तपासावी. रक्त थांबले म्हणून घरी पाठवलेल्या रुग्णाची तुटलेली चेता पुष्कळदा महिन्या-दोन महिन्यांनी लक्षात येते.

तुटीपलीकडचा अक्षतंतू (चेतापेशीचा लांब धागा) मरतो, हे ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये दाखवले. अक्षतंतूभोवती असणाऱ्या श्वान (Schwann) पेशी मात्र टिकतात, मोडतोड उपसतात आणि रांग धरून नव्या तंतूला वाट दाखवतात. हा तंतू दिवसाला साधारण १ मिमी वाढतो. कोपराशी अल्नर चेता (करंगळीच्या बाजूने हातात उतरणारी) तुटली, तर तळहाताचे स्नायू सुमारे ३०० मिमी दूर, म्हणजे दहा महिने. आणि १२ ते १८ महिने चेतेविना राहिलेला स्नायू सहसा परत कामाला येत नाही. सगळी घाई या हिशेबाची आहे.

टोके ताण न देता जुळत असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली ९-० किंवा १०-० जाडीच्या अतिसूक्ष्म नायलॉन धाग्याने थेट शिवावीत. अंतर जास्त असेल तर पोटरीची सुरल चेता काढून लावतात. आजही सर्वांत भरवशाचा उपाय हाच. त्याची किंमत म्हणजे पावलाच्या बाहेरच्या कडेला कायमची बधिरता. नळी सहसा ३ सेंमीच्या आतल्या अंतरासाठी. तिचा आतला व्यास चेतेपेक्षा किंचित मोठा हवा. प्रत्येक टोक सुमारे २ मिमी आत ओढून टाका घालतात आणि पोकळी सलाइनने भरतात. आत रक्ताची गुठळी राहिली की तंतूची वाट तिथेच अडते.

नळी कोलॅजन, कायटोसान किंवा फायब्रॉइन या रेशमातल्या प्रथिनाची असते. कायटोसान कोळंबीच्या टरफलांपासून निघते. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात रोज फेकली जातात तीच. आम्लाने त्यातले चुनखडीचे क्षार काढायचे, सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिने काढायची, मग तीव्र, गरम कॉस्टिकने ॲसिटिल गट. प्रथिने उरली तर ॲलर्जीचा धोका. नळी ओतताना कायटोसान सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवतात. ते आम्ल नीट उदासीन केले नाही तर भरलेल्या पेशी मरतात. रेशमाचे कोष ०.०२ मोलर सोडियम कार्बोनेटमध्ये अर्धा तास उकळून सेरिसिन (रेशमाचा डिंकासारखा थर) काढतात. कमी उकळले तर सेरिसिन राहून दाह होऊ शकतो, जास्त उकळले तर धागा कमजोर होतो.

मूलपेशी बहुधा पोटाच्या चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून घेतात. चरबी कोलॅजनेज या विकराने ३७ अंश सेल्सियसला पचवून पेशी वेगळ्या करतात. रेटिनॉइक आम्ल, फॉर्स्कोलिन व न्यूरेग्युलिन देऊन त्यांना श्वान पेशींसारखे वळण लावतात. ही द्रव्ये काढली की त्या पुष्कळदा मूळ रूपात परततात. शरीरात घातलेल्या बहुतेक पेशी काही आठवड्यांत मरतातही. त्यामुळे त्या नवी चेता ‘बनवतात’ हे म्हणणे चूक. जगतात तेवढे दिवस वाढघटक स्रवून मूळच्या श्वान पेशींना हात देतात. तोच त्यांचा उपयोग.

२०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार चेतादुखापतीवर मूलपेशी हा मान्य उपचार नाही, त्या फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात. पैसे घेऊन ‘स्टेम सेलचे इंजेक्शन’ देऊ करणाऱ्याकडे आधी सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागावा.